पुढच्याचा ब्रेक

आमच्याकडे एक फियाट आहे. ‘गाडी आहे’ असं मी म्हणत नाही. गाडी आहे म्हटलं की लोक ‘मग आलात कशानं?’ असं विचारतात आणि ‘लोकलनं’ असं उत्तर द्यावं लागतं. फियाट आहे म्हटलं की तसं कोणी विचारत नाही. फियाट ही असण्याची वस्तू आहे, जाण्यायेण्याची नव्हे. घरात चांदीचं ताट असलं म्हणून त्यात रोज कोणी पिठलंभात जेवत नाही, तसंच हे.

ती १९६८ सालची आहे. इलेव्हन हंड्रेड डिलाइट. तिच्या आधीच्या, नाकाड पुढे काढलेल्या मॉडेलला मुंबईकर प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत. आणि तिच्याच कुळातली गाडी १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ या सोज्ज्वळ नावानं विकली जाऊ लागली. डुक्कर आणि पद्मिनी यांच्या बरोबर मधली आमची जागा. मध्यमवर्गीय माणसाला याहून योग्य गाडी मिळणं कठीण. बाबांनी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होतो आणि गाडी दारात उभी राहिली तेव्हा मला मिसरूड फुटलेलं होतं.

बाबा १९९६ साली गेले. जाण्याआधी त्यांनी मला बँकेची पासबुकं, विम्याचे कागद आणि फियाटची किल्ली अशा चढत्या महत्त्वाच्या क्रमानं एकेक वस्तू हवाली केली. किल्ली देताना म्हणाले, “तिला आहे तशी ठेव. तिच्यात काही घुसडू नकोस.”

मी ते वचन अक्षरशः पाळलं. अक्षरशः म्हणजे किती, तर दरवाजाच्या काचेचं एक हँडल तुटलं तेव्हा त्याच सालचं हँडल मिळेपर्यंत ती काच मी सव्वा वर्ष अर्ध्यावर ठेवली. दोन पावसाळे त्या बाजूला बसणाऱ्या माणसानं आतल्या आत छत्री उघडली. ती बाजू अर्थातच आमच्या हिची होती. पण गाडी ‘ओरिजिनल’ राहिली. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचा हा एक शब्दच धर्म आहे. इतर धर्मांत निदान प्रायश्चित्ताची सोय असते. इथे एक स्क्रू नवा लावलात तर सात जन्म फिटत नाही.

सरकारनंही २०२१ साली या धर्माला राजमान्यता दिली. पन्नास वर्षांवरच्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम निघाले. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. ते वाचून मला बाबांचीच सही खाली दिसायला लागली. चासी, बॉडी, इंजिन ही तीन नावं वाचली आणि चौथं एक नाव त्यात नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आणून द्यायला एक करवंदवाली यावी लागली.

पण तिच्याकडे वळण्याआधी ब्रेकबद्दल थोडं सांगायला हवं.

मोटारीचे ब्रेक कसे लागतात याचा विचार बहुतेक माणसं ते लागेनासे होईपर्यंत करत नाहीत. आमच्या फियाटमध्ये पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातला पिस्टन तेल पुढे ढकलतो. ते तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातं आणि तिथे ड्रमच्या आतले ब्रेक शू फाकवून ड्रमवर दाबतं. सगळा कारभार पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या जिवावर चालतो. त्यानं सतराव्या शतकात दाखवून दिलं की कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. आमच्या दादरच्या चाळीत हे पास्कलवाचूनही ठाऊक होतं. तळमजल्यावर कोणी कानात सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर त्याच जोरानं ऐकू येत असे.

यातली गोम अशी की दाब जसा सगळीकडे पोचतो तशी गळतीही सगळीकडे पोचते. एका चाकातलं चहाच्या किमतीचं रबर फाटलं की तेल तिथून बाहेर पडतं, आणि मग चारही चाकांचे ब्रेक एकदम संन्यास घेतात. याला ‘सिंगल सर्किट’ म्हणतात. एकत्र कुटुंबासारखं आहे ते. एकाचं बिनसलं की घरात कोणीच जेवत नाही.

यावरचा उपाय जगाला सापडला नव्हता असं नाही. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन पिस्टन बसवायचे, दोघांचं तेल वेगळं, नळ्या वेगळ्या. एक पुढची चाकं सांभाळील, दुसरा मागची. एक गळला तरी दुसरा उरतो. गंमत म्हणजे ज्या १९६८ साली आमची फियाट दारात आली, त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला अशी दुहेरी व्यवस्था कायद्यानंच सक्तीची झाली होती. आम्हाला अर्थात ते कळलं नाही. आणि कळलं असतं तरी, एवढी वर्षं नंबर लावून आलेल्या गाडीला ‘तुझ्यात पिस्टन एकच का?’ असं विचारण्याची कोणाची छाती होती?

शिवाय बाबांकडे दुसरं सर्किट होतं. ते म्हणजे बाबांची धास्ती.

बाबांची नोकरी मुंबईला, घर तळेगाव दाभाड्याला. सणावाराला आणि मे महिन्यात आम्हा सगळ्यांना फियाटमध्ये कोंबून ते बोर घाट चढत आणि उतरत. उतरण्याचं त्यांचं एक कर्मकांड होतं. खंडाळ्याला गाडी बाजूला घ्यायची. बॉनेट उघडायचं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून, आईनं बरणीत लोणचं किती उरलं ते पाहावं तसं आत पाहायचं. मग चारही चाकांजवळ उकिडवं बसून टायरच्या आतल्या बाजूला बोट फिरवायचं आणि बोट हुंगायचं. मग सीटवर बसून पॅडल तीनदा दाबायचं, आचमन केल्यासारखं. ‘ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं’ हे मोठ्यानं म्हणायचं. आणि वाटेत शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायचं. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि बक्षीस काय हवं म्हणून विचारल्यावर त्यानं स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. आई म्हणायची, “एवढं सगळं केल्यावर त्या ब्रेकला बिघडायची लाजच वाटेल.” आणि ते खरं ठरलं. बाबांच्या हयातीत ब्रेक एकदाही गेले नाहीत.

मला वारशानं गाडी आली. धास्ती आली नाही.

२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नातू सहा वर्षांचा. त्याला लोहगड दाखवायचा बेत ठरला. “मळवलीला उतरून रिक्षा करू,” ही म्हणाली. पण घरात चोपन्न वर्षांची फियाट असताना रिक्षा? मी गाडी काढली. भाज्यावरून वर चढणारा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वर्णन खरं वाटणार नाही. फियाट पहिल्या गिअरमध्ये, कीर्तनकाराच्या संथ लयीत, वर गेली. गायमुख खिंडीत गाडी लावली, गड पाहिला, नातवानं विंचूकाट्यावरून मावळ पाहिलं, मी नातवाला शिवाजी महाराज सांगितले, हिनं दोघांना ताक पाजलं. आणि आम्ही उतरायला लागलो.

ब्रेक ऑइलची डबी मी शेवटची कधी उघडली होती? दिवाळीत. कोणत्या दिवाळीत ते विचारू नका.

दुसऱ्या वळणावर पॅडल मऊ लागलं. तिसऱ्या वळणाआधी ते जमिनीला टेकलं. ब्रेक जाणं म्हणजे काहीतरी धडाड आवाज होईल अशी माझी कल्पना होती. तसं काही होत नाही. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, एवढंच होतं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग दुसऱ्याचा पहिला गिअर करण्याच्या खटपटीत लागलो. त्यात जो आवाज झाला त्यानं माझ्याआधी फियाटच किंचाळली असं हिला वाटलं. हँडब्रेक ओढला. गाडी मंदावली, पण थांबेना.

आणि पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला, ती बसलेली होती. पुढ्यात टोपली, टोपलीत करवंदं, हातात पानांचा द्रोण. तिच्या अलीकडे आठदहा हातांवर कोणी तरी, कशासाठी तरी टाकून ठेवलेला खडीचा ढीग. ती माझ्याकडे पाहत होती. मी हॉर्न वाजवला. हॉर्न ओरिजिनल असल्यामुळे तो ‘सरका हो’ असं न म्हणता ‘येऊ का?’ असं म्हणतो. ती उठली नाही. उलट द्रोण भरायला लागली.

मी चाक डावीकडे मारलं आणि फियाट खडीत घातली. पुढची चाकं गुडघाभर रुतली आणि गाडी थांबली. नातू टाळ्या वाजवून म्हणाला, “आजोबा, परत!”

धूळ खाली बसली. माझे पाय पॅडलवर थरथरत होते. कोणालाही लागलं नव्हतं. काचेतून द्रोण आत आला.

“किती देऊ, बाबा?”

तिला वाटलं होतं की मी करवंदांसाठी थांबलो. मी सगळी टोपली घेतली. भाव विचारला नाही. आमच्या लग्नाला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती आणि मी भाव न विचारता काही घेतल्याचं हिनं प्रथमच पाहिलं. म्हणूनच प्रकरण किती गंभीर होतं ते तिला समजलं.

त्या रात्री झोप लागेना. मी माझ्याच गाडीचा हिशोब मांडायला लागलो. इंजिन माझ्यासाठी असतं. मला जायचं असतं. सीट माझ्यासाठी. वायपर माझ्यासाठी. ट्रान्झिस्टर, पंखा, मागच्या काचेजवळची ती मान हलवणारी बाहुली, सगळं माझ्यासाठी. हॉर्नसुद्धा, खरं पाहिलं तर, माझ्या रागासाठी. ब्रेक कोणासाठी असतो? मी म्हणत होतो ‘माझा ब्रेक’. पण तो गेला तेव्हा त्याच्यावाचून जिचं काही जाणार होतं ती बाई डाव्या कडेला बसली होती, आणि तिला तो आपला आहे याचा पत्ताही नव्हता. सगळ्या गाडीत ब्रेक हा एकच भाग पुढच्याचा असतो. आपल्याकडे तो नुसता ठेवायला दिलेला असतो. आणि दुसऱ्यानं ठेवायला दिलेली वस्तू ‘मूळ रूपात राहू दे, मला तशीच आवडते’ असं म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? बाबांनी? पण बाबांनी किल्ली दिली ती गाडीची. करवंदवालीच्या वतीनं वचन द्यायला बाबा तरी कोण?

हे विचार मी आमच्या एका स्नेह्यांना ऐकवले. त्यांना मी मनातल्या मनात ‘सोवळे’ म्हणतो. त्यांच्याकडे दोन जुन्या मोटारी आहेत आणि दोन्हींच्या सीटखाली मूळ काथ्या आहे. ते म्हणाले, “डबल सर्किट बसवणार? मग उद्या एसी बसव. परवा एअरबॅग. तेरवा तिला इलेक्ट्रिकवर कर आणि वर फियाटचा बिल्ला चिकटव. ही काय गोधडी आहे ठिगळं लावत सुटायला?” मग थोडे शांत होऊन म्हणाले, आणि हे मला खरं टोचलं, “अरे, तुझ्या वडिलांच्या हातात हीच गाडी तीस वर्षांजवळ घाटात राहिली. गुन्हा सर्किटचा नाही. गुन्हा तुझा आहे. तू डबी उघडली नाहीस.”

याला उत्तर नव्हतं. ते अगदी खरं होतं. चार दिवस मी रोज सकाळी डबी उघडून पाहत होतो आणि संध्याकाळी आपण पुन्हा हळूहळू ते सोडून देणार हेही मला कळत होतं. मी काही बाबा नाही. आणि समजा असलो, तरी नातू बाबा असेलच असं नाही. करवंदवालीनं आमच्या घराण्यात धास्तीची परंपरा टिकून राहण्यावर विसंबून का बसावं?

शिवाय सोवळ्यांच्या म्हणण्यात एक फट होती, ती मला पाचव्या दिवशी दाढी करताना सापडली. बाबांच्या वेळी पुढची गाडीही ड्रम ब्रेकचीच असायची. तीही आमच्याइतक्याच सावकाश थांबायची. आता पुढच्या गाडीला डिस्क ब्रेक असतात. नव्या मोटारींना तर २०१९ पासून चाक न अडकू देणारी एबीएसची व्यवस्था कायद्यानं आहे. ती टिचकीसरशी जागच्या जागी उभी राहते आणि आपण ‘अहो, अहो’ करत तिच्या अंगावर जातो. म्हणजे माझे ब्रेक मूळचेच राहिले, पण रस्ता मूळचा राहिला नाही. १९६८ चा ब्रेक आज तोच ब्रेक नाही. शेजारी बदलला की आपलं घरही थोडं बदलतंच.

आणि मूळ रूपाचं म्हणाल तर आमच्या मावळात त्याचा खरा नमुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. दगडाच्या छताला त्यांचा काडीचा आधार नाही, नुसत्या शोभेच्या. त्यांना कोणी खिळा मारायला गेलं तर मी आडवा पडेन. पण त्या कमानी कोणाच्या अंगावर चालून येत नाहीत. जे जागच्या जागी उभं आहे त्यानं खुशाल मूळ रूपात राहावं. जे उतारावरून लोकांच्या दिशेनं निघालं आहे, त्याला ती चैन नाही.

रेल्वेवाल्यांना हे आमच्याआधी कळलं होतं. बोर घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. तिथे उतरणाऱ्या गाड्यांसाठी ‘कॅच साइडिंग’ म्हणून फाटे काढले आहेत. गाडी आवरेना झाली तर ती फाट्यावर वळते, फाटा वर चढत जातो आणि गाडी आपोआप दमते. तिथे थांबून, ‘माझे ब्रेक शाबूत आहेत’ हे सिद्ध केल्यावर पुढची वाट मिळते. ड्रायव्हर चांगला आहे का वाईट, याची चर्चाच नाही. तो कधी तरी चुकणार हे आधीच धरून ठेवलेलं आहे. मला हा विचार अपमानास्पद न वाटता फार सभ्य वाटतो.

लोणावळ्याला एक मेस्त्री आहेत. फियाटचा आवाज फोनवर ऐकून ‘तिसरा प्लग’ असं सांगणारे. मी भीत भीत विषय काढला. ते हसले. “साहेब, तुमच्या घरी गॅसचे सिलिंडर किती?”

“दोन.”

“किल्ल्या?”

“दोन जुडगे.”

“विम्याच्या पॉलिश्या?”

“चार.”

“आणि ब्रेकला पिस्टन एक!”

मी गप्प बसलो. खरंच, मध्यमवर्गीय माणसाचं सगळं आयुष्य डबल सर्किटवर चाललेलं असतं. कुलदैवत एक, शिवाय ग्रामदैवत. ॲलोपथी चालू, शिवाय होमिओपथीच्या गोळ्या. एक मुलगा पुण्यात, एक अमेरिकेत. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आला तिथे तेवढा आपल्याला साधेपणा सुचतो.

मेस्त्रींनी पुण्याच्या नाना पेठेतून दुहेरी मास्टर सिलिंडर आणवला. तो नुसता अडकवून भागत नाही. त्याचा व्यास जुन्याशी जुळावा लागतो; जास्त झाला तर पॅडल दगडासारखं लागतं, कमी झाला तर पाय खोल जातो. पॅडलचा दांडा आणि पिस्टन यांच्यात केसभर मोकळीक हवी, नाहीतर ब्रेक लागलेलेच राहतात. पुढच्या चाकांची नळी निराळी केली, मागची निराळी. रबरं सगळी नवी. मग हवा काढण्याचा कार्यक्रम. एकानं आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल सैल करायचं. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. दाबायला मी होतो. अर्ध्या तासात माझ्या पोटरीत गोळा आला. चासी, बॉडी, इंजिन या तिघांना धक्का लागला नाही. सरकारी नियमात न बसणारं असं काही घडलं नाही. मूळ मास्टर सिलिंडर मेस्त्रींनी पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. “ठेवा. नातवाला वाटलं तर परत बसवील.”

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. म्हणाले, “बसा आत. आता मी पुढची नळी मुद्दाम सोडतो. गाडी गॅरेजमध्येच चालवा, आणि दाबा.” मी दाबलं. पॅडल खाली गेलं, खाली गेलं, पुन्हा ती नसलेली पायरी, आणि काळजाचा ठोका चुकायच्या बेतात असताना खोल कुठे तरी ते टेकलं. मागची चाकं धरली. गाडी लांबत लांबत, पण थांबली.

“हा तुमचा उरलेला ब्रेक,” मेस्त्री म्हणाले. “अर्धा म्हणू नका. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. अर्ध्यापेक्षा कमीच धरा. आणि दोन पिस्टन झाले म्हणून गाडी लवकर थांबणार नाही, साहेब. पहिल्याइतकीच थांबेल. फक्त एक गेलं तर दुसरं आहे, एवढंच. ड्रम तापून ब्रेक गेले तर दोन्ही एकदमच जातील, तिथं हे काही कामाचं नाही. उतारावर गिअर तोच.”

पास्कलनं आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. देव आहे की नाही हे ठाऊक नसेल तर आहे असं धरून चालावं. असला तर सगळं मिळालं, नसला तर फारसं काही गेलं नाही. म्हणजे ज्याच्या नियमानं ब्रेक चालतो त्यानंच दुसऱ्या पिस्टनची पैज लावून ठेवली होती. फक्त त्याच्या पैजेत पणाला लागलेला जीव स्वतःचा होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरं सांगायचं तर पुढे एक लाजिरवाणा प्रकार झाला.

पावसाळा संपल्यावर आम्ही दुधिवरे खिंडीतून पवनेच्या धरणाकडे निघालो होतो. उतार लागला. मी तिसऱ्या गिअरमध्ये, एक हात खिडकीबाहेर, गुणगुणत. ही म्हणाली, “अहो, दुसरा टाका ना.” मी म्हणालो, “आता काही काळजी नाही. डबल आहे.”

ती काही बोलली नाही. पुढच्या वळणावर मलाच ते ऐकू आलं. आता काळजी नाही! म्हणजे जो दुसरा पिस्टन मी पुढच्यासाठी म्हणून बसवला होता, तो मीच खर्च करायला निघालो होतो. त्या बाईच्या नावानं बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजावर आपण आइस्क्रीम खायचं, असा प्रकार. सोवळ्यांनी धास्तीचा बाजूनं जे म्हटलं होतं ते मला तिथे, पवनेचं पाणी समोर दिसत असताना, नको इतकं पटलं. बाबांकडे पिस्टन एक होता आणि धास्ती होती. माझ्याकडे पिस्टन दोन झाले आणि धास्ती होती नव्हती तीही गेली. हिशोब तिथल्या तिथेच.

मी दुसरा गिअर टाकला. घरी आल्यावर फडक्यातला जुना मास्टर सिलिंडर काढला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, बाबांच्या फोटोजवळ ठेवला. हिनं एकदा पाहिलं आणि रोज पुसायच्या वस्तूंत त्याचा समावेश करून टाकला. उताराआधी आता मी डबी उघडतो. चारही चाकांशी उकिडवा बसून बोट हुंगतो. उठताना ‘आई गं’ म्हणतो. पॅडल तीनदा दाबतो. बाबा हे ब्रेकवर विश्वास नव्हता म्हणून करत. मी माझ्यावर नाही म्हणून करतो. सोवळे स्नेही अजून फियाटकडे, दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या पुतणीकडे पाहावं तसं पाहतात, पण परवा हळूच मेस्त्रींचा फोन नंबर मागून घेतला.

२०२३ च्या मेमध्ये नातू पुन्हा आला आणि त्याला पुन्हा लोहगड हवा होता. खरं म्हणजे त्याला खडीचा ढीग हवा होता. खिंडीत मी सगळं कर्मकांड केलं. पहिल्या गिअरमध्ये उतरलो. खडी आता तिथे नव्हती. कोणी तरी, कशासाठी तरी, ती नेली होती. ती होती. तिथेच, डाव्या कडेला, टोपली घेऊन. मी तिच्या अलीकडे चांगली दहा हात जागा सोडून गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली आणि खाली उतरून चालत गेलो.

तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बाबा, औंदा नीट थांबलात. गेल्या साली खडीत शिरला हुतात.”

“तुम्ही घाबरला नव्हता का हो तेव्हा?” मी विचारलं.

“घाबरायचं कशापायी?” ती द्रोण भरता भरता म्हणाली. “म्या म्हणलं, म्हाताऱ्याला करवंदाची लईच घाई दिसतीया. किती देऊ?”